बायोप्सीची तारीख येईपर्यंत



आजचा विषय घरातल्या पुरुषांचा आहे, पण वाचावा सगळ्यांनी. साठीच्या आसपास लघवीची तक्रार सुरू होते. डॉक्टर रक्ताची पीएसए तपासणी सांगतात, आकडा वाढलेला निघतो. मग एमआरआय होतो आणि प्रोस्टेट ग्रंथीत संशयास्पद जागा दिसते. "बायोप्सी करावी लागेल," असं सांगून डॉक्टर पुढची तारीख देतात. ती तारीख येईपर्यंतचे दिवस घराला फार जड जातात.

जबलपूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी आणि रिपोर्ट इंग्रजीत. त्यातून कमरेखालच्या दुखण्याबद्दल बोलायची आपल्याला सवय नाही. बाबा रिपोर्ट कपाटात ठेवतात, आई देवापाशी बसते, मुलं मोबाइलवर शोधत राहतात. तिघंही घाबरलेले, पण एकमेकांशी कुणी बोलत नाही.

म्हणून आधी रिपोर्टमधला आकडा समजून घ्या. त्यात 'पाय-रॅड्स ४' लिहिलेलं असेल, तर ती कॅन्सरची चौथी स्टेज नव्हे! पाय-रॅड्स म्हणजे स्कॅनवर संशय किती, याची १ ते ५ अशी मोजपट्टी. १ म्हणजे संशय अगदी कमी, ३ म्हणजे नक्की सांगता येत नाही, ५ म्हणजे संशय खूप जास्त. आजार आहे की नाही, हे बायोप्सीच सांगते. पीएसए तर वयानुसार ग्रंथी वाढल्यानेही चढतो, लघवीतल्या जंतुसंसर्गानेही चढतो.

"सुई लागली की कॅन्सर पसरतो," असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांचं ऐकून तपासणी टाळू नका. प्रोस्टेटच्या बायोप्सीने असं होणं अत्यंत दुर्मिळ आहे. सोनोग्राफीत बघत बारीक सुईने ग्रंथीचे साधारण १० ते १२ धाग्यांएवढे तुकडे घेतात, शिवाय संशयाच्या जागेचे दोन-चार. बहुतेक वेळा जागा बधिर करूनच हे करतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो.

जाण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. हृदयात स्टेंट असेल, तर ती गोळी स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका. नंतर काही दिवस लघवीत थोडं रक्त दिसतं, वीर्याचा रंग काही आठवडे तांबूस राहतो. त्याला घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

"इतके दिवस थांबलो तर वाढणार नाही ना?" हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. हा आजार बहुधा सावकाश वाढतो, काही आठवड्यांनी सहसा फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर नुसतं लक्ष ठेवलं. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत या आजाराने दगावलेले शंभरात सुमारे तीनच होते. सगळ्यांचा आजार असा सौम्य नसतो, हेही खरं. म्हणूनच तारीख चुकवायची नाही.

पैशाचीही चौकशी आत्ताच करून ठेवा. वय ७० किंवा अधिक असेल, तर 'आयुष्मान वय वंदना' कार्ड उत्पन्नाची अट न ठेवता मिळतं. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार असतो. बायोप्सी त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला विचारा. गावात नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज आहेच. पुढे नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं झालं, तर बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. बहुतेक वेळा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

आणि बाबांना एकटं सोडू नका, पण सारखं "काही होणार नाही" असंही म्हणू नका. ते तुम्हालाही माहीत नाही आणि त्यांनाही. त्यापेक्षा संध्याकाळी भंवरतालच्या बागेत किंवा ग्वारीघाटावर सोबत जा. विचारा, "कशाची भीती वाटते?" उत्तर कदाचित आजाराबद्दल नसेलच. लघवीवर ताबा राहील का, नवरा-बायकोचं नातं तसंच राहील का, कुणावर ओझं तर होणार नाही ना, अशीही भीती असते. ते प्रश्न एका कागदावर मराठीतच लिहा आणि डॉक्टरांसमोर हिंदीत विचारा. लाजू नका, डॉक्टरांना हे प्रश्न रोजचेच असतात.

तुमच्या घरात असा रिपोर्ट कपाटात पडून असेल, तर आज जेवणं झाल्यावर तो बाहेर काढा आणि सगळ्यांनी मिळून वाचा.