सेविकेच्या हाती कारभार द्या!

आरोग्यसेविकेला हुकमाची ताबेदार समजणे आता बंद करा! सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा सरकारचाच निकष. एवढ्या लोकवस्तीची गरोदरपणे, बाळंतपणे, लसीकरण, कुटुंबनियोजन आणि त्या सगळ्याच्या नोंदी या उपकेंद्रातली सेविका सांभाळते. समुदाय आरोग्य अधिकारी सोबतीला आले तरी बाळ-बाळंतिणीचा भार अजून तिच्याच खांद्यावर आहे. तरीही वरच्या साहेबांच्या लेखी तिचे काम एवढेच : सुई टोचणे आणि आकडे पाठवणे. हा धडधडीत अन्याय आहे!

लसीकरणाचे एकच सत्र डोळसपणे पाहा. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण मिसळून उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. कुपीवरच्या उष्णतादर्शक खुणेतला चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी बाद. मग कोणत्या वस्तीवर किती बाळे यायची, ऊसतोडीहून कोणते कुटुंब परतले, आशाताईंनी आधी कोणाचे दार ठोठावायचे, मागच्या खेपेला बाळाला ताप आला म्हणून अडून बसलेल्या आजीची समजूत कोणी काढायची, हे सारे आदल्या दिवशीच ठरलेले लागते. माणसे, वेळ, साठा आणि माहिती यांची अशी सांगड घालणे हेच व्यवस्थापन! ते खेड्यातली बाई करते म्हणून त्याला कमी लेखणार काय?

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, तेव्हा उपकेंद्राच्या १०,००० रुपयांच्या अबंधित निधीसाठी सरपंच आणि सेविका यांचे संयुक्त खाते ठेवले गेले. पैशाला जिची सही चालते, तिचे मत आराखड्याला का चालू नये? बैठकीत तिला उभे करून उद्दिष्टाचा जाब विचारायचा, पण उद्दिष्ट ठरवताना तिला विचारायचे नाही, ही रीत मोडलीच पाहिजे. तोच आकडा रजिस्टरात आणि तोच पोर्टलवर भरण्यात तिचे गृहभेटीचे तास जातात. त्यातून कित्येकजणी वर्षानुवर्षे कंत्राटावर!

आमची मागणी स्पष्ट आहे. नियोजन, हिशेब आणि पर्यवेक्षण यांचे रीतसर प्रशिक्षण प्रत्येक सेविकेला नोकरीत असतानाच द्या. सत्राची जागा आणि वेळ ठरवण्याचा अधिकार तिला द्या. दुहेरी नोंदी थांबवा, कंत्राटी सेविकांना कायम करा, आणि तालुक्याच्या आरोग्य नियोजनात तिला मताचा हक्क असलेली खुर्ची द्या. जिल्हा परिषदांनी येत्या अंदाजपत्रकातच या प्रशिक्षणाची तरतूद करावी. आणि गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत तसा ठराव तुम्हीच मांडा.