माती दूषित की प्रदूषित? रशियन शब्दांचं भाषांतर आणि रोहा-निडीच्या शेतांचा प्रश्न

दिवा-रोहा रेल्वेमार्गावर नागोठण्यानंतर निडी हे छोटं स्टेशन येतं आणि मग रोहा. एकीकडे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, दुसरीकडे धाटावची रासायनिक एमआयडीसी, मधे भातशेती. इथे प्रदूषणाचा विषय निघाला की लोक कुंडलिकेच्या पाण्याबद्दल आणि हवेतल्या वासाबद्दल बोलतात. मातीबद्दल क्वचितच.

आता मातीबद्दलही बोलावं लागेल. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी अशा संशयित जागांचा अहवाल द्यायचा आहे. जागा आधी 'संशयित', मग 'संभाव्य' आणि सविस्तर तपासणीनंतर 'दूषित' ठरते. दूषित ठरली, तर सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणजे जागेला कोणता शब्द लागतो, यावर पैसे कोण भरणार हे ठरतं.

यात रशियन कुठून आलं?

मृदाशास्त्राची पायाभरणी मोठ्या प्रमाणावर रशियात झाली. वसिली डोकुचाएव यांचा काळ्या मातीवरचा ग्रंथ १८८३ चा. शाळेच्या भूगोलात भेटणारा 'चर्नोझेम' हा शब्द त्याच परंपरेतला, अर्थ सरळ 'काळी माती'. हे ज्ञान इंग्रजीत आलं तेही वळसा घालून. कॉन्स्टंटिन ग्लिंका यांचं पुस्तक १९१४ मध्ये जर्मनमध्ये निघालं आणि अमेरिकेच्या कर्टिस मार्बट यांनी १९२७ मध्ये ते जर्मनवरून इंग्रजीत आणलं. चर्नोझेम, पोडझोल, सोलोंचाक हे शब्द इंग्रजीने जसेच्या तसे ठेवले. सोलोंचाक म्हणजे खारवट जमीन. पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या माणसाला त्यासाठी रशियन शब्दाची गरज नाही!

मातीच्या प्रकारांची नावं अशी उचलून आणता आली. प्रदूषणाचे शब्द मात्र तसे आणता येत नाहीत.

रशियनमध्ये माती बिघडण्यासाठी सर्रास वापरला जाणारा शब्द आहे 'झग्र्याझ्नेनिये'. त्याच्या मुळाशी 'ग्र्याझ', म्हणजे चिखल किंवा घाण. इंग्रजीत याला दोन शब्द आहेत आणि मृदाशास्त्रज्ञ त्यांत फरक करतात. मातीत एखादा पदार्थ नैसर्गिक पातळीपेक्षा जास्त आहे, एवढंच सांगायचं तर 'कंटॅमिनेशन'. त्यातून अपाय होतो आहे असं म्हणायचं तर 'पोल्युशन'. रशियन मजकुराच्या भाषांतरकाराला प्रत्येक वाक्यात संदर्भ पाहून एक शब्द निवडावा लागतो. चुकला, तर नुसती नोंद आरोप बनते किंवा आरोपाची नुसती नोंद होते. मराठीतही आपण 'दूषित' आणि 'प्रदूषित' एकाच अर्थाने वापरतो, त्यामुळे ही अडचण आपलीही आहे.

माती स्वतःला साफ करते का?

याहून फसवा शब्द आहे 'समोओचिश्चेनिये', शब्दशः 'स्वयंशुद्धी'. रशियन लिखाणात तो मातीच्या एका क्षमतेबद्दल येतो. मातीतले सूक्ष्मजीव तेलासारखे काही सेंद्रिय पदार्थ खाऊन त्यांचं विघटन करतात, हे खरं आहे. इंग्रजीत पर्यावरण यंत्रणा याच्या जवळपासच्या प्रक्रियांना सावध नाव देतात, 'नैसर्गिक क्षीणन'. त्यात शुद्ध होण्याचा दावा नाही, प्रमाण कमी होण्याची मोजता येणारी गोष्ट आहे. कॅडमियम, शिसं, पारा यांना कोणताही जीवाणू नष्ट करू शकत नाही. फार तर त्यांचं रूप बदलतं, आणि बदललेलं रूप कधीकधी जास्त घातक असतं. पाऱ्याचा मिथाइल पारा जीवाणूच बनवतात. अशा वेळी 'माती आपोआप शुद्ध होते' हे भाषांतर कारखान्याच्या सोयीचं आहे, शेतकऱ्याच्या नाही.

मराठीने एक काम मात्र छान केलंय. सोव्हिएत शेतीत 'फॉस्फोबॅक्टेरिन' नावाचं जीवाणू खत वापरलं जायचं. त्याच जातकुळीतल्या खतांना आपल्याकडे 'स्फुरद विरघळवणारे जीवाणू' म्हणतात. नाव ऐकताच काम कळतं. (तरी दुकानात पुडी मागताना सगळे 'पीएसबी'च म्हणतात, ते सोडा.)

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

२०१५ मध्ये सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका. तिच्यात १२ घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जस्त आणि तांबं आहेत, पण पिकाचं अन्न म्हणून. शिसं, कॅडमियम, पारा किंवा क्रोमियम या यादीत नाहीत. सूक्ष्मजीवांची मोजणीही नाही. त्यामुळे एमआयडीसीला लागून असलेल्या शेताची पत्रिका चांगली आली, तर तिचा अर्थ पिकाला खत किती घालायचं एवढाच. ती जमीन दूषित आहे की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी नव्या नियमांखालची तपासणीच व्हावी लागेल, आणि तिची सुरुवात जिल्ह्याच्या यादीत जागेचं नाव येण्यापासून होते.