‘निराश’ नावाचे प्रवासवर्णन

बारा-तेरा वर्षांपूर्वी थायलंडहून परतल्यावर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला होता. परवा कपाट आवरताना तो अंक हाती आला, लेख पुन्हा वाचला आणि संकोच वाटला. भाषा बरी होती, तपशीलही चुकलेले नव्हते. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, तेथे समुद्रमंथनाचे भव्य शिल्प, राजांची नावे राम, भर चौकात चतुर्मुख ब्रह्मदेवापुढे झेंडूचे हार, जुन्या राजधानीचे नाव अयुथ्या म्हणजे आपली अयोध्या. एकामागून एक दाखले देत मी असा निष्कर्ष काढला होता की हा देश परका नाहीच; आपलीच माणसे थोडी दूर राहायला गेली आहेत. वाचकांची पत्रे आली, ती सगळी प्रशंसेची होती. साडेतीन हजार शब्दांच्या त्या लेखात एकही थाई माणूस बोलत नाही, हे मात्र कोणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर तो येथे उगाळण्याचे कारण नव्हते. पश्चिमेकडे जाणारा मराठी लेखक आणि पूर्वेकडे जाणारा मराठी लेखक यांच्या नजरेत काही मूलभूत फरक असतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. लंडनला किंवा पॅरिसला आपण विद्यार्थी म्हणून जातो. बिचकतो, तुलना करतो, स्वतःला प्रश्न विचारतो. बँकॉकला आपण घरमालकासारखे जातो आणि भिंतीवर आपले काय काय लटकते आहे ते मोजून येतो. पुलंचे ‘पूर्वरंग’ आजही वाचावेसे वाटते, कारण ते भिंतींपेक्षा माणसांत अधिक रमते. पण पुलंच्या विनोदाचे अनुकरण जितके झाले, तितके त्या रमण्याचे झाले नाही.

लेखातले माझे पुरावे मी आता पुन्हा तपासले. समुद्रमंथनाचे शिल्प ज्या विमानतळावर आहे तो सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाला. ज्या ब्रह्मदेवापुढे मी भारावून उभा राहिलो, ते एरावन देवस्थान एका हॉटेलाच्या बांधकामात विघ्ने येऊ लागली म्हणून १९५६ साली उभारलेले. चक्री वंशातील राजांना ‘पहिला राम’, ‘दुसरा राम’ असे संबोधण्याची रीत विसाव्या शतकातली. ती पाडली इंग्लंडात शिकून आलेल्या वजिरावुध राजाने (कारकीर्द १९१०–१९२५). ‘सवत्दी’ या अभिवादनात मला थेट वेदकालीन ‘स्वस्ति’ ऐकू आली होती. व्युत्पत्ती बरोबर आहे. पण तो शब्द अभिवादन म्हणून एका प्राध्यापकाने १९३० च्या दशकात रूढ केला आणि १९४३ मध्ये सरकारने त्याला अधिकृत मान्यता दिली. उरली अयुथ्या. ती मात्र खरोखर जुनी : १३५१ ची स्थापना, १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याकडून विध्वंस.

यावरून संस्कृत-पालीचा प्रभाव खोटा ठरतो असे नव्हे. तो फार खोल आहे आणि शतकानुशतकांचा आहे. परंतु तो वारसाहक्काने आपोआप गळ्यात पडलेला नाही. तेथील राजांनी, भिक्षूंनी, कवींनी आणि अगदी काल-परवाच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आपापल्या गरजेनुसार तो निवडला, वाकवला, वापरला. युरोपने नवी यंत्रे आल्यावर ग्रीक-लॅटिनकडे पाहिले, आपण दूरध्वनीसाठी संस्कृतकडे पाहिले, तसेच थाई भाषेनेही केले. टेलिफोनला तेथे ‘थोरसप’ म्हणतात. लिपीतली अक्षरे वाचली तर त्यात ‘दूर’ आणि ‘शब्द’ आहेत. ‘थोरथत’ म्हणजे दूरदर्शन. ‘रत्तप्रहान’ हा शब्द ऐकून आपल्याला काही उमगत नाही, पण त्याचे मूळ ‘राष्ट्र’ आणि ‘प्रहार’ असे आहे आणि अर्थ आहे लष्करी उठाव. माझा तो सुवर्णभूमी विमानतळ सुरू झाला २८ सप्टेंबर २००६ रोजी. त्याआधी नऊच दिवस देशात एक रत्तप्रहान होऊन गेला होता. विमानतळाच्या नावावर मी दीड परिच्छेद लिहिला होता. या दुसऱ्या शब्दावर एक ओळही नाही.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा जाणे झाले. या वेळी अयुथ्येला सोबत एक थाई अध्यापिका होत्या, साहित्य शिकवतात. (तेथे शिक्षकाला ‘आजान’ म्हणतात. हा आपला ‘आचार्य’, हे मी सांगून टाकलेच. सवय सुटत नाही.) त्या सौम्यपणे म्हणाल्या, तुम्ही आमच्याकडचे काय वाचले आहे? मी ‘रामकियन’ म्हणालो. त्या हसल्या. ते तर तुम्ही तुमचे म्हणून वाचले असणार, म्हणाल्या. त्यांचे खरे होते. हनुमान समुद्रातल्या सुवर्णमत्स्येच्या प्रेमात पडतो, सीता ही रावण-मंदोदरीची कन्या ठरते, या गोष्टी मी ‘गमतीदार पाठभेद’ म्हणून नोंदवल्या होत्या. मासोळीपासून झालेला मकरध्वज आपल्याकडेही आहे, तरी आपला पाठ तो मूळ आणि त्यांचा तो भेद, हे मी कोणत्या अधिकाराने ठरवले होते?

त्यांनीच मला सुन्थॉन फू या कवीकडे वळवले. जन्म १७८६, मृत्यू १८५५. १९८६ मध्ये युनेस्कोने त्याच्या जन्माची द्विशताब्दी साजरी केली. दुसऱ्या रामाच्या (१८०९–१८२४) दरबारात तो राजाचा लाडका होता आणि ‘सुन्दरवोहार’, म्हणजे सुंदर वाणीचा, ही पदवी त्याला मिळाली होती. राजा वारला आणि कवीचे आश्रयस्थान गेले. राजपुत्र असतानाच्या तिसऱ्या रामाच्या कवितेत त्याने चारचौघांत दुरुस्ती सुचवली होती आणि तो राग राजाने मनात धरला, असे सांगतात. (संपादकांनी बोध घ्यावा.) कवी भिक्षू झाला. १८२८ च्या सुमारास तो होडीतून चाओ फ्रया नदीने बँकॉकहून अयुथ्येजवळच्या ‘सुवर्णपर्वत’ नावाच्या स्तूपाच्या यात्रेस निघाला. त्या प्रवासाचे त्याने जे काव्य लिहिले, ते थायलंडातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

या काव्यप्रकाराचे नाव ‘निरात’. थाई लिपीत ते लिहितात मात्र अक्षरशः ‘निराश’ असे. शेवटच्या ‘श’चा उच्चार ‘त’ होतो. आपला वाचक लगेच आशाभंगाकडे वळेल. थाईत त्या शब्दाचा अर्थ आहे दूर जाणे, ताटातूट होणे. निरातची रीत अशी : कवी प्रवासास निघतो, वाटेवरच्या गावांची, घाटांची, झाडांची नावे घेतो, आणि प्रत्येक नावावर श्लेष साधून मागे राहिलेल्या प्रिय व्यक्तीची आठवण काढतो. आपल्याला ‘मेघदूत’ आठवणे अपरिहार्य आहे. पण तेथे यक्ष जागचा हलत नाही, मेघ जातो; येथे विरही स्वतःच वल्ह्यांच्या लयीत पुढे सरकत असतो आणि दर वळणाला अंतर वाढत जाते.

सुन्थॉन फूच्या या निरातमध्ये प्रेयसीच्या जागी आहे दिवंगत राजा. राजवाड्याच्या धक्क्यावरून होडी जाते तेव्हा पूर्वीची सलगी आठवते. दारूची भट्टी दिसते तेव्हा स्वतःचे जुने व्यसन. मग ‘सामखोक’ हे गाव येते. दुसऱ्या रामाने कमळांवरून त्याचे नाव बदलून ‘पथुम थानी’ ठेवले होते. पाली ‘पदुम’ म्हणजे पद्म, पद्मधानी. माझ्या जुन्या लेखात हे गाव आहे! ‘प्राचीन भारतीय वसाहतीची खूण’ म्हणून आहे. कवीला मात्र ते नाव कोणी, केव्हा आणि का ठेवले हे ठाऊक होते, आणि त्याचे दुःख निराळेच होते : राजाने गावाला दिलेले नाव टिकले, मला दिलेले टिकले नाही. एका नावापाशी दोन प्रवासी थांबले. एकाला तेथे स्वतःचे हरवलेपण दिसले, दुसऱ्याला स्वतःची मालमत्ता.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. निरातचा कवी तरी काय करतो? तोही गावाकडे पाहतच नाही, नावात स्वतःचे मन वाचतो. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक कोणता? मला वाटते, फरक कबुलीत आहे. कवी म्हणतो, हे जे मला दिसते ते माझ्या उणिवेमुळे दिसते. गावाचा त्यात दोष नाही. मी माझ्या हव्यासाला इतिहास म्हणत होतो. शिवाय हा कवी आपल्या प्रकाराचे बिंगही फोडतो. काव्याच्या शेवटी तो सांगून टाकतो की वाटेत जी प्रेयसीची हळहळ आली, ती खरी नव्हे. आचारी पदार्थावर मिरी-कोथिंबीर भुरभुरवतो तशी ती चवीपुरती घातली आहे. प्रवासवर्णनात आपण काय काय ‘चवीपुरते’ घालतो, हे सांगणारा मराठी लेखक माझ्या वाचनात तरी नाही. जवळ येतात ते गोडसे भटजी. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने निघालो, हे ते लपवीत नाहीत. कदाचित म्हणूनच १८५७ ची धामधूम त्यांना इतकी स्वच्छ दिसली.

अयुथ्येनंतर मी रयाँग प्रांतात गेलो. सुन्थॉन फूचे वडील तिकडचे. बान फे येथील कोळ्यांच्या धक्क्यावरून फेरी बोटीने कोह समेत बेटावर जाता येते. पांढरीशुभ्र वाळू, खडकावर बासरी वाजवणारा पुरुष आणि जलपरी यांचे पुतळे. मुंबईहून आलेला एक जथा त्यांच्यापुढे छायाचित्रे काढत होता. ‘कृष्णच दिसतोय,’ कोणी तरी म्हणाले. मागच्या वेळी मीही तेच म्हणालो असतो. तो आहे फ्रा अफाय मनी, सुन्थॉन फूच्या प्रदीर्घ कथाकाव्याचा नायक. राजपुत्र असून शस्त्रविद्या सोडून बासरी शिकला म्हणून बापाने हाकललेला, समुद्रातल्या राक्षसीने पळवलेला, जलपरीच्या मदतीने सुटून एका ऋषीच्या बेटावर पोचलेला. त्या काव्यात पुढे लंकाही येते. पण तेथे ना रावण आहे, ना अशोकवन. तेथे राज्य करते एक गोरी, फिरंगी राणी. सिलोन इंग्रजांच्या हाती गेल्याची वार्ता एकोणिसाव्या शतकातल्या बँकॉकला पोचली होती. कवीने लंका हा शब्द घेतला आणि त्यात आपल्या काळाची भीती भरली. रामायणाच्या कोणत्याही पाठभेदात ही लंका बसवता येणार नाही.

बेटांचे दुर्दैव असे की तेथे जाणाऱ्याला ती कोरीच हवी असतात. २००० साली ‘द बीच’ हा चित्रपट आला आणि फी फी बेटांवरील माया बे या पुळणीचा जगाने इतका ध्यास घेतला, की प्रवाळ वाचवण्यासाठी २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. ती उघडली २०२२ मध्ये. पाश्चात्त्यांना तेथे इतिहास नसलेला स्वर्ग हवा होता. आपल्याला इतिहास हवा असतो, पण फक्त आपला. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले. त्यांतले थोडे तरी लिहितील.

यंदा एम. ए.च्या वर्गात प्रवासवर्णन शिकवताना मी ‘माझा प्रवास’सोबत निरातची ओळख ठेवली आहे. इंग्रजी अनुवादावरून केलेली कच्ची टिपणे आहेत, थाई मला येत नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर काव्यप्रकाराचे नाव लिहिले : निराश. वर्ग हसला. एका विद्यार्थिनीने विचारले, सर, हा तर आपलाच शब्द ना? मी खडू खाली ठेवला आणि सामखोकपासून सुरुवात केली.