छातीत न दुखताही हार्ट अटॅक? 'पित्त' म्हणून सोडून दिलेली लक्षणे कुणाला आणि कशी फसवतात

मैंदर्गी (ता. अक्कलकोट) : दरदरून घाम फुटला की ऊन लागले. भाकरी आणि शेंगाचटणीच्या जेवणानंतर छातीत जळजळले की पित्त. दोन पायऱ्या चढून दम लागला की वय झाले. कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीसारख्या गावात ही उत्तरे घरोघरी तयार असतात आणि बहुतेक वेळा बरोबरही असतात. पण कधीकधी तो हार्ट अटॅक असतो आणि सोडा पिऊन, झोपून 'बरा' होतो.

यालाच सायलेंट हार्ट अटॅक म्हणतात. रक्तवाहिनी बंद पडते, हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो; पण दुखणे एक तर जाणवत नाही किंवा त्याला दुसरेच नाव मिळते. पुढे कधीतरी एखाद्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला की जुना डाग दिसतो.

पुरुषांत जास्त की स्त्रियांत?

अमेरिकेत ९,४९८ जणांवर झालेल्या 'एरिक' अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. नोंदल्या गेलेल्या अटॅकपैकी सुमारे ४५ टक्के सायलेंट होते. प्रमाण पुरुषांत जास्त होते, पण अशा अटॅकनंतर मृत्यूचा धोका स्त्रियांत अधिक वाढत असल्याचे संकेत मिळाले. ठाम निष्कर्ष नव्हे, संकेतच. तरी दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

सर्वांत मोठा संशयित मधुमेह. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की हृदयाकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसाच कमजोर होतात. वायर तुटल्यावर अलार्म वाजणार कसा? २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे.

पाळी जाईपर्यंत स्त्रियांना थोडे नैसर्गिक संरक्षण असते. मधुमेह ते बऱ्याच अंशी काढून घेतो. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हा प्रश्न तर पन्नाशीतल्या बाईला कुणी विचारतच नाही. खरे तर तोही धोक्याचा घटक आहे. शिवाय स्त्रियांत छातीदुखीसोबत किंवा तिच्याऐवजी जबडा-पाठ दुखणे, मळमळ, विनाकारण थकवा दिसण्याचे प्रमाण जास्त. घरातले काम थांबत नाही, म्हणून थकवा कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्याही नाही.

पुरुषांचे गणित लवकर बिघडते. ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरत्र सुमारे ५९ व्या. तंबाखू त्यात पुढे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यातही बिडी-सिगारेटपेक्षा चघळणारे कितीतरी अधिक. मिश्री लावणाऱ्या बायकाही या हिशेबात येतात.

मग तपासायचे काय?

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर मोफत तपासली जाते. आशाताई कमरेचे माप घेतात, ते लाजून टाळू नये : स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या पुढे धोक्याचे गुण सुरू होतात.

ईसीजी नॉर्मल म्हणजे सगळे ठीक, असे मात्र नाही. आइसलँडमधील ९३६ वृद्धांच्या एमआरआय तपासणीत १७ टक्क्यांच्या हृदयावर लक्षातच न आलेल्या अटॅकच्या खुणा सापडल्या. ईसीजीने त्या फक्त ५ टक्क्यांत दाखवल्या. मधुमेह असून नवा दम किंवा थकवा जाणवत असेल तर टू-डी इकोबद्दल डॉक्टरांना विचारावे.

त्रास चालू असेल तर सकाळची वाट पाहू नये. अँजिओग्राफीसाठी सोलापूर किंवा कलबुर्गी गाठावे लागते, त्यात वेळ जातोच. स्वतः मोटारसायकल चालवत न जाता १०८ ला फोन करावा.

आणि जुना ईसीजी फेकू नये. नव्या ईसीजीशी ताडून पाहायला तोच लागतो. पण त्या गुळगुळीत थर्मल कागदावरची रेघ काही वर्षांत पुसट होते, म्हणून काढल्या दिवशीच मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा, तारीख दिसेल असा.