कापूस जातो, ढेप विकत येते

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, बुलढाणा



1870 साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव रेल्वे सुरू झाली, ती वऱ्हाडचा कापूस लवकर मुंबईला पोचावा म्हणून. राज्यकर्ते बदलले, कापसाची वाट तीच राहिली. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. तिचे तेल होते, ढेप होते. आमच्या गावांतून हे सगळे खेडा खरेदीच्या गाडीत एकदमच चढते, आणि म्हशीसाठी तीच ढेप आम्ही पोत्याने विकत आणतो. तुरीचेही तेच. डाळ बाहेर होते, चुनीही बाहेरच राहते.

म्हणून मागणी अशी, की प्रक्रिया उद्योग ग्रामसभेच्या मालकीचे असावेत. 73व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत अन्नप्रक्रियेसह लघुउद्योग आणि ग्रामोद्योग हे पंचायतीचे विषय म्हणून नोंदले आहेत. तरी बहुतेक आराखडे नाल्या, पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपांतच संपतात. बचत गटांच्या बायांना आपण पापड-लोणच्यांपुढे जाऊ दिले नाही. कर्जाचा हप्ता न चुकवणाऱ्या या बायांच्या हाती डाळमिल का नको?

सामूहिक उद्योग बुडतात, असे उत्तर मिळेल. दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला, हे सिंदखेडराजा तालुका विसरलेला नाही. पण गडचिरोलीचे मेंढा (लेखा) पाहा. एवढ्याशा गावाने 2009 मध्ये 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 पासून आपला बांबू स्वतः विकला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. मालक आणि हिशेब दोन्ही गावातच असले की लपवायला जागा उरत नाही.

जिनिंग एका गावाला पेलणार नाही. त्यासाठी आणि सरकीच्या तेलासाठी दहा-बारा गावे एकत्र यावी लागतील. डाळमिल मात्र पेलेल. तेराही तालुक्यांतून प्रत्येकी दोन गावे निवडा. जागा गावठाणाची, यंत्र ग्रामपंचायतीच्या नावावर, चालवायला बचत गट, पहिल्या दोन वर्षांचे खेळते भांडवल जिल्हा परिषदेचे. हिशेब प्रत्येक ग्रामसभेत वाचला जावा आणि मिल कुणालाही ठेक्याने देऊ नये, ही अट आधीच लिहून ठेवा.

तुरीची सोंगणी डिसेंबरात सुरू होते. त्याआधी मंजुरी मिळाली, तर याच हंगामाची डाळ गावात भरडता येईल.

आपला,
खामगाव तालुक्यातील एक शेतकरी