आरोग्य : ‘साठा कमी आहे’ म्हणजे काय?

‘रिपोर्टमध्ये एएमएच 0.8 आले. सासूबाई म्हणाल्या, हिची अंडी संपली. खरंच मला मूल होणार नाही का?’ लग्नाला दोन वर्षे झालेल्या एका 31 वर्षांच्या भगिनीचा हा प्रश्न. बऱ्याच घरांत तो मनातच राहतो, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोशांत 60 ते 70 लाख स्त्रीबीजे असतात. जन्मावेळी 10 ते 20 लाख आणि पाळी सुरू होताना तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम 400-500. बाकीची आपोआप विरून जातात. उरलेल्या बीजांना ‘ओव्हेरियन रिझर्व्ह’, म्हणजे बीजसाठा म्हणतात. पस्तिशीनंतर तो झपाट्याने घटतो. हजारभर बीजे उरली की पाळी कायमची जाते.

हा साठा थेट मोजता येत नाही, अंदाज घ्यावा लागतो. एएमएच हे बीजांभोवतीच्या छोट्या पुटिकांतून पाझरणारे संप्रेरक. त्यासाठी रक्त कोणत्याही दिवशी देता येते. मात्र गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा कमी दिसू शकतो. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सोनोग्राफी करून 2 ते 10 मिलिमीटरच्या पुटिकाही मोजतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या रक्तात एफएसएच वाढलेले दिसले, तर साठा घटल्याची ती खूण असते.

पण या तपासण्या बीजांची संख्या सुचवतात, दर्जा नाही. दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. गर्भ राहायला महिन्याला एकच चांगले बीज पुरते. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 30 ते 44 वयाच्या 750 स्त्रिया होत्या. कमी एएमएच असलेल्यांनाही इतरांइतक्याच प्रमाणात दिवस राहिले. एएमएचचा खरा उपयोग टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात होतो. इंजेक्शनांनी किती बीजे मिळतील, डोस किती द्यावा, हे त्यावरून ठरवतात.

भगिनी, तुमची दोन वर्षे गेली आहेत, म्हणून आता थांबू नका. 35 च्या आत एक वर्ष आणि 35 नंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. पण सगळा दोष या एका आकड्यावर टाकू नका. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, बीज दर महिन्याला सुटते का, हे पाहायला हवे. पतीची वीर्यतपासणीही पहिल्याच टप्प्यात व्हावी. ती स्वस्त आणि सोपी असूनही अनेक घरांत सर्वांत शेवटी होते.

सासूबाईंना एवढेच सांगावेसे वाटते : साठा कमी असणे हा सुनेचा गुन्हा नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात मुलालाही सोबत पाठवा.