लांबच्या वाटेने लवकर

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. ते बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी जुळते त्या वर्तुळाच्या कंसावर, मोजलेले असते. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका भारताच्या पश्चिमेला दिसत असली, तरी हा कंस दिल्लीहून जवळजवळ थेट उत्तरेकडे निघतो आणि तिबेट, सायबेरिया व आर्क्टिक महासागर ओलांडून अलास्कामार्गे कॅलिफोर्नियात उतरतो. ही वाट मात्र सहसा कागदावरच राहते. कारण केबिनमधील हवेचा दाब अचानक घटल्यास विमानाला तातडीने सुमारे ३,००० मीटर उंचीवर यावे लागते, आणि तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी ४,५०० मीटर उंच आहे.

वळसा घालणे आले की तो कोणत्या बाजूने घालावा हा प्रश्न येतो. एअर इंडियाची विमाने आधी अटलांटिकवरून जात, तेव्हा त्यांना सुमारे १३,९०० किलोमीटर कापावे लागत. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने बोइंग ७७७ विमान उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेले. अंतर १५,३०० किलोमीटरपर्यंत वाढले, पण प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर, आटोपला. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि या विमानाचा नेहमीचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. वरची भर वाऱ्याची आहे. इंजिने विमानाला भोवतालच्या हवेतून ढकलतात, पण ती हवाच वाहत असल्यामुळे जमिनीच्या संदर्भातील वेग, ज्याला भूवेग म्हणतात, तो वाऱ्यानुसार वाढतो किंवा घटतो. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, वेगवान वारे जेट स्ट्रीम या नावाने ओळखले जातात, आणि जपानच्या परिसरात ते हिवाळ्यात विशेष जोरदार असतात.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाचे गाव आपोआप जवळ येते, असा समज शिकलेल्या मंडळींतही आढळतो. तो खरा असता तर हे गणित नेमके उलटे झाले असते. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तसा फुकटचा लाभ कोणालाच मिळत नाही.

घड्याळाची गंमत निराळीच. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेबारा तास मागे असल्याने पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघालेले विमान साडेचौदा तास उडून त्याच तारखेच्या सकाळी ६ वाजता उतरते, आणि तिकिटावरच्या वेळा पाहणाऱ्याला प्रवास दोनच तासांचा वाटतो. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम मंदावून उत्तरेकडे सरकते व पूर्वेच्या वाटेचा फायदा आटतो. म्हणून उड्डाणाचा आराखडा आखणारे कर्मचारी त्या त्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज पाहूनच मार्ग आणि इंधन ठरवतात.